घरमालकाच्या विनोदावर लाइलचं हसू

बर्बँक, १९ सप्टेंबर १९७८

प्रिय लाइल,

तुझं कार्ड मिळालं. वीस वर्षांनी भावाचं अक्षर बघितलं, आणि त्यात एकच ओळ: ‘त्या घरमालकाच्या कार्यक्रमातून माझं हसू काढून टाक.’ वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘तुझा’ नाही. कार्डावरचं सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारचं चित्र मात्र झकास आहे. माझ्या बायकोने, मॅक्सीनने, ते फ्रिजवर लावलंय, चित्राची बाजू बाहेर ठेवून.

तुझा काहीतरी गैरसमज झालाय. टीव्हीवरचं हसू ऐकून ‘हे माझंच’ असं वाटणारे लोक स्टुडिओला सारखी पत्रं लिहितात. टोपीका शहरातल्या एका बाईने तर आपल्या वारलेल्या नवऱ्याचं हसू ओळखलं. ते हसू खरं तर एका बाईचं होतं. त्या बिचारीला हे कुणी कळवलं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. तेच आहे अजून. शुक्रवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर कार्यक्रम होतो, सोमवारी मी माझी हसण्याच्या टेपांची पेटी घेऊन बसतो, आणि जिथे प्रेक्षक हसायला विसरलेत तिथे हसू भरतो. पेटीला बत्तीस बटणं आहेत. कुठल्या बटणावर कोण हसतंय हे मला आता आठवतसुद्धा नाही.

आणि कार्यक्रमात वाईट असं आहे काय? घरमालक डॉब्स हा भारी सोवळा माणूस. वरच्या मजल्यावर नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली राहतात. त्यांना तिसरा सोबती हवा असतो, मिळतो तो एक तरुण. डॉब्स म्हणतो, पोरगा आणि पोरी एका छपराखाली? माझ्या घरात नाही चालायचं! मग मुली त्याला बाजूला घेऊन सांगतात की हा पोरगा ‘तसा’ आहे, बायकांना याच्यापासून काही धोका नाही. पोरगा तसा अजिबात नसतो, पण डॉब्सचं समाधान होतं. मग तो दर आठवड्याला पोराची थोडी फिरकी घेतो. बस. सगळं घर एकत्र बसून बघतं. तू उगाच मनाला लावून घेतोस.

तुझा,
ऑरिन

ता. क. तुझ्याकडे टीव्ही कधी आला? तुला तर त्याचा तिटकारा होता.


बर्बँक, २ ऑक्टोबर १९७८

प्रिय लाइल,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी दोन ओळी: ‘खोटं बोलू नकोस. अँब्रोजनेही ओळखलं.’

हा अँब्रोज कोण, असं मी विचारणार होतो. मॅक्सीन म्हणाली, “विचारू नकोस. तुला कळलंय.” म्हणून विचारत नाही.

बरं, ऐक. डावीकडून तिसरं बटण. त्यावर मॅक्सीनच्या हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका आहे. बाकीच्यांना मी नावं दिली आहेत: पासाडेनाची आजी, उचकीवाला, तीन नन्स. तुझ्या बटणाला नाव नाही. त्याची मला कधी गरजच पडली नाही.

१९५५चा उन्हाळा आठवतो? तू नुकताच सैन्यातून सुटून आला होतास आणि मी तुला स्टुडिओत बसवलं होतं. समोर तो विदूषक मूकनाट्य करत होता. बोलणं नाही, गाणं नाही, म्हणून मागचं हसू निर्भेळ मिळायचं. त्या दिवशी मी तीनशे माणसांचं हसू टेपवर घेतलं आणि परत ऐकलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तूच. आधी जरा दबकत, हसू की नको असं विचारत, मग एकदम वर, मग मधेच श्वास तुटतो आणि पुन्हा. तुझ्या मागोमाग अख्खी खोली फुटते. आमच्या धंद्यात शंभर हसणारे कुठेही मिळतात, पण पहिला हसणारा मिळत नाही. माझ्या म्हाताऱ्या उस्तादाने ती टेप ऐकून टोपी काढली होती.

तू गेल्यावर मी ते हसू सगळीकडे वापरलं. डॉक्टरांच्या कार्यक्रमात, बोलणाऱ्या कुत्र्याच्या कार्यक्रमात, सासूच्या. तुझी आठवण आली की मी ते बटण दाबायचो, हे आता लिहूनच टाकतो. पेटीला कुलूप असतं, मला काम करताना कुणी बघत नाही, त्यामुळे मी काय दाबतो आणि का दाबतो याची कुणी चौकशी करत नाही.

मग हा डॉब्स आला. पहिल्या वर्षी तो करंगळी वर करून, कंबर हलवत पोराभोवती चक्कर मारायचा तेव्हा लोक खुर्चीतून पडायचे. दुसऱ्या वर्षी जरा कमी. या वर्षी ते नुसतं ‘हं’ करतात. निर्माता सोल मला म्हणाला, “ऑरिन, डॉब्सची चक्कर आली की तिथे ओत लेका! हात आखडू नकोस.” मी ओतलं. पहिल्या हसणाऱ्याशिवाय बाकीचे हसल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून पहिला तू. हाताने सवयीने दाबलं, माझ्या लक्षातच आलं नाही.

वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. लक्षात आलं होतं.

तुझा,
ऑरिन


बर्बँक, १४ ऑक्टोबर १९७८

प्रिय लाइल,

दोन आठवडे होत आले, तुझं कार्ड नाही. म्हणजे कबुली पुरती झालेली नाही, असं मॅक्सीनचं म्हणणं. ती म्हणते, “तू खिडकी पुसतोस तसा कबुली देतोस, मधला गोल तेवढा स्वच्छ.”

तर कोपरे.

ईस्टरचं जेवण, १९५८, कर्नी गावातलं आपलं घर. बाबांना तुझं कळून चार दिवस झाले होते. आईने हॅम कापलं, बाबांनी प्रार्थना म्हटली, आणि प्रार्थना संपल्यावर ते उठले. हातरुमाल मनगटावर टाकला, करंगळी वर केली आणि टेबलाभोवती तुझी चाल चालून दाखवली. आई ताटात बघत होती. आपली व्हेराताई रडत होती. आणि मी हसलो.

मॅक्सीनला मी आजवर सांगत आलोय की घाबरून हसलो. बाबांची भीती सगळ्यांनाच होती, तेव्हा हे कारण चालून जायचं. पण लाइल, मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. बाबा नक्कल चांगली करायचे. मी अगदी पोट धरून हसलो. तू बाबांकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघितलंस. मग कोट घेतलास. बाबा म्हणाले, परत या दारात दिसू नकोस, आणि मी पाण्याचा ग्लास उचलून पाणी प्यायलो.

डॉब्स निदान पोराची किल्ली तरी काढून घेत नाही. टिंगल करतो आणि राहू देतो. बाबांनी दोन्ही केलं, आणि मी बाबांना साथ दिली.

काल मी पेटी उघडून तिसऱ्या बटणाची टेप कापली. सोबत पाठवतोय. जेमतेम दोन फूट आहे, जपून उलगड, चुरगळते. आता ती पेटीत नाही, तिची नक्कल कुठे नाही. तुझं हसू तुझ्या घरी.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. ते एवढ्या उशिरा आलंय.

ऑरिन


बर्बँक, २९ ऑक्टोबर १९७८

प्रिय लाइल,

चार पानं! मॅक्सीनला सबंध वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर ती एवढी हसली की मला पाणी आणावं लागलं.

म्हणजे माझ्या नायकाला तो ‘तसा’ असल्याचं नाटक करून घर मिळतं, आणि तुम्हा दोघांना तसे नसल्याचं नाटक करून. एकोणीस वर्षं! आणि चुलत भाऊ म्हणून! लाइल, तू आपल्या आईच्या खिरीसारखा पांढराफटक नॉर्वेजियन, आणि अँब्रोज सिल्वेरा, तू फोटो पाठवलास म्हणून सांगतो, मिशीपासून बुटापर्यंत पोर्तुगीज. तुमच्या घरमालकीण काझांजियनबाईंनी विश्वास ठेवला तरी कसा? सोलकडे मी असा प्रसंग घेऊन गेलो असतो तर त्याने मला हाकललं असतं. म्हणाला असता, एवढी भोळी घरमालकीण प्रेक्षकांना पटणार नाही.

पण तिसरं पान वाचताना मला हसू आलं नाही. बाईंचा टीव्ही रंगीत, म्हणून मंगळवारी तुम्ही दोघं खाली जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसता, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे बाई. पडद्यावर डॉब्स लचकत निघतो आणि टीव्हीतून तू हसतोस. अँब्रोज मान वळवून तुझ्याकडे बघतो. ‘मी हसलो नव्हतो, ऑरी,’ असं तू लिहिलंयस, ‘पण तिथे बाईंच्या समोर मी ते त्याला सांगू शकलो नाही.’ हे मी मॅक्सीनला वाचून दाखवलं नाही. तिने नंतर स्वतः वाचलं.

आता इकडची गंमत ऐक. टेप कापल्यानंतरच्या सोमवारी मी नवा भाग भरायला बसलो. डॉब्सची चक्कर आली. पहिला हसणारा नाही, म्हणून मी आजीला सुरुवात करायला लावली. नन्सना लावली. सगळं कसं मेल्यासारखं. शेवटी मी वैतागून तिथे काहीच भरलं नाही आणि भाग तसाच सोलकडे पाठवला.

आमचे नट हसण्यासाठी थांबतात, हे तुला ठाऊक आहे. विनोद करायचा, हसू येईपर्यंत थांबायचं, मग पुढचं वाक्य. डॉब्सचं काम करणारा एमेट या थांबण्यात उस्ताद आहे. करंगळी वर करून तो चार सेकंद थांबतो. त्या चार सेकंदांत हसू नसलं की काय दिसतं माहीत आहे? एक म्हातारा दिवाणखान्यात करंगळी वर करून उभा आहे, आणि एक पोरगा त्याच्याकडे बघतोय. दुसरं काही नाही. सोलच्या खोलीत आम्ही आठजण ते बघत होतो.

“हे काय आहे?” सोल ओरडला. “हसू कुठे गेलं?”

“संपलं,” मी म्हणालो.

“संपलं? हसू काय कॉफी आहे संपायला? भर पुन्हा!”

मी नाही म्हणालो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. सोल मला काढणार एवढ्यात एमेट बोलला. तो स्वभावाने फार गोड माणूस आहे, सगळ्यांसाठी घरून लोणच्याच्या काकड्या आणतो. तो म्हणाला, “मी असा दिसतो?” सोल म्हणाला, “हसू घातलं की नाही दिसत.” एमेट म्हणाला, “पण दिसतो तर खरा. चक्कर काढून टाका. मी नाही पुन्हा करणार.”

त्याला पश्चात्ताप वगैरे झाला असं समजू नकोस. नटाला शांततेची भीती वाटते, एवढंच. पण चक्कर गेली. पुढच्या भागात डॉब्स पोराला नुसता पाईप दुरुस्त करायला मदत करतो, आणि लोक खरोखरच हसले. मला दोनच ठिकाणी आजीची मदत घ्यावी लागली.

तू शेवटी लिहिलंयस, ‘टेप मिळाली. ती वाजवायचं यंत्र आमच्याकडे नाही.’ यावर मी विचार करतोय.

आणि हो, ७ तारखेच्या मतदानाचं. अँब्रोज शाळेत भूगोल शिकवतो आणि समलिंगी शिक्षकांना काढण्याचा तो कायदा आला तर त्याची नोकरी जाईल, हे वाचल्यावर मॅक्सीन आमच्या गल्लीतल्या एकोणतीस घरी जाऊन त्याविरुद्ध मत द्या म्हणून सांगून आली. तू त्या चुलतपणाला एवढा का जपतोस तेही कळलं. बघ, लिहिला मी तो शब्द. समलिंगी. इतकी वर्षं ‘तसा’ लिहीत होतो.

तुझा,
ऑरिन


सॅन फ्रान्सिस्को, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय लाइल,

हे पत्र मी काझांजियनबाईंच्या स्वयंपाकघरातून लिहितोय. तुम्ही दोघं घरी नाही. खाडीपलीकडे अँब्रोजच्या बहिणीकडे गेला आहात असं बाई म्हणतात. मी चारशे मैल गाडी हाकत आलो. मागच्या सीटवर टेप वाजवायचं यंत्र, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं. तू ‘ये’ असं लिहिलं नव्हतंस, पण ‘येऊ नकोस’ असंही नव्हतं.

मी एक गोष्ट करून बसलोय. तू रागावणार. अँब्रोज तर मला जिन्यावरून ढकलून देईल. मतदानात तो कायदा पडला म्हणून थोडा धीर आहे, पण तरीही. जसं घडलं तसं सांगतो.

बाईंनी दार उघडलं. उंचीने माझ्या कोपराएवढ्या, पण मला दारातच थांबवलं.

“कोण तुम्ही? यंत्रं विकत असाल तर आम्हाला नको.”

“मी लाइलचा भाऊ. ऑरिन.”

“भाऊ?” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “वीस वर्षांत भाऊ नव्हता याला. कुठे होतात?”

“लॉस एंजेलिसकडे.”

“तिथे टपाल नाही?”

मग त्यांनी आत घेतलं, बसवलं, त्या एवढ्याशा कपात कॉफी दिली आणि चीज भरलेल्या पुऱ्या समोर ठेवल्या. मी खात असताना सरळ विचारलं, “म्हणजे तुम्ही अँब्रोजचे पण चुलत भाऊ.”

बोलायचं काय ते मला माहीत होतं. तुझं पत्र खिशात होतं, त्यात सगळी वंशावळ होती. ‘हो’ म्हटलं की काम झालं. आयुष्यभर मी हेच केलंय लाइल, जिथे जे हवं तिथे ते दिलंय, टेबलावर बाबांना आणि स्टुडिओत सोलला. तोंड उघडलं आणि म्हणालो, “नाही बाई. अँब्रोज माझा मेहुणा लागतो.”

त्यांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, झालं, माझ्यामुळे या दोघांचं घर गेलं, आता यांना बिऱ्हाड हलवावं लागणार.

“मूर्ख माणसा!” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्षं मी काही माहीत नसलेली बाई आहे! किती कष्ट पडतात त्याला, कल्पना आहे? वर जाताना मी जिन्यावर खोकते. माझी मुलगी सिरवार्ट विचारायची, आई, एक सोनेरी केसांचा आणि एक काळ्या केसांचा, हे चुलत भाऊ कसे? मी तिला कागदावर वंशावळीचं झाड काढून दिलं! पोर्तुगालच्या अझोर बेटांवरची एक आत्या घातली त्यात, तिचं नॉर्वेच्या खलाशाशी लग्न लावून दिलं. खालच्या मजल्यावरचा तो ट्रामवाला काहीतरी बोलला, तर त्याला म्हटलं, माझ्या भाडेकरूंच्या नातेवाइकांबद्दल एक शब्द काढलास तर सामान रस्त्यावर. आणि तुम्ही येता, माझ्या पुऱ्या खाता आणि एका वाक्यात सगळं मोडता!”

“मला वाटलं...”

“त्यांना सांगायचं नाही. आपण मला फसवलंय या आनंदात आहेत दोघं. राहू द्या. शपथ घ्या.”

मी शपथ घेतली, आणि ती हे लिहून मोडतोय. आता मी कुणाला काही लपवण्याच्या कामाचा राहिलेलो नाही, हे बाईंना तूच समजाव.

दोन तास झाले. बाई आत डुलकी घेतायत. यंत्र तुमच्या दाराशी ठेवलंय, हिरवं बटण दाबलं की चालू होतं. मी निघतो. उद्या काम आहे हे कारण देता येईल, पण खरं सांगतो, तुझा चेहरा समोर आला तर काय करावं ते मला माहीत नाही. भीती वाटते. ही बाबांची भीती नव्हे, तुझी आहे.

ऑरिन


सॅन फ्रान्सिस्को, १४ नोव्हेंबर १९७८

प्रिय ऑरी,

पळपुट्या, तुझी गाडी आम्ही कोपऱ्यावर वळताना पाहिली. अँब्रोजने हात केला. तुला वाटलं असेल कुणीतरी टॅक्सी थांबवतंय.

आधी हे ऐक, म्हणजे तुझी रात्रीची झोप उडणार नाही. बाईंना सगळं माहीत आहे हे आम्हाला त्रेसष्ट सालापासून माहीत आहे. जिन्यावर एवढं खोकणारी बाई पंधरा वर्षं जगते आणि डॉक्टरकडे जात नाही, तेव्हा कुणाला कळणार नाही? आम्ही त्यांना सांगितलं नाही, कारण आपण आम्हाला फसवलंय या आनंदात त्या होत्या. त्यांना कळू न देता त्यांच्यापुढे चुलत भावासारखं बसायचं, हे किती कठीण असतं ते तुमच्या एमेटला विचार.

आम्ही जिन्याशी पोचलो तर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांनी गुपित पाळायचं ठरवलं होतं म्हणे. दोन पायऱ्यांपर्यंत पाळलं. मग अँब्रोजकडे बोट करून म्हणाल्या, “तुझा मेहुणा येऊन गेला.”

अँब्रोज म्हणाला, “कोण?”

“मेहुणा. असं म्हणाला तो. मी म्हटलं चुलत, तो म्हणाला मेहुणा.”

“कोण येऊन गेला?”

“बहिरा झालास का? मेहुणा!”

त्याने तिसऱ्यांदा विचारलं. त्याला नीट ऐकू येतं, ऑरी. त्याला ऐकायचं होतं. मग तो तिथेच पायरीवर बसला, आणि बाईंनी त्याच्यासाठी पाणी आणलं, आणि आम्ही तिघं बराच वेळ जिन्यावर बसलो.

ईस्टरचं मी विसरलेलो नाही. विसरेन असं वचन देत नाही. तू कोपरेसुद्धा पुसलेस, ते मी वाचलं, आणि अजून वाचतोय. काही दिवस मला तुझा राग येत राहील. तो समोरासमोर आलेला बरा, पत्रातून दमायला होतं.

म्हणून पुढच्या शनिवारी मॅक्सीनला घेऊन ये आणि या वेळी थांब. जागा लहान आहे, पलंग एकच. मी म्हटलं, ऑरिन सोफ्यावर झोपेल. अँब्रोज माझ्यावर डाफरला. म्हणाला, मेहुण्याला पहिल्यांदा घरी बोलवायचं आणि सोफ्यावर झोपवायचं, ही कुठली रीत? त्याने कालच नव्या चादरी घातल्या आहेत. सोफ्यावर आम्ही दोघं झोपू.

तुझा,
लाइल